टू-डी इको आणि ‘पंपिंग ४५ टक्के’: या तपासणीवर किती विसंबावं?

हे परीक्षण टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची हलती चित्रं दाखवणाऱ्या तपासणीचं आहे, आणि तेही एका ठरावीक प्रसंगापुरतं. रिपोर्टवर ‘ईएफ ४५ टक्के’ किंवा ‘माइल्ड एलव्ही डिसफंक्शन’ असं लिहून आलं, म्हणजे हृदयाचं पंपिंग किंचित कमी निघालं, तर त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

निष्कर्ष आधीच सांगायचा तर तपासणी उत्तम आहे. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, उपाशी राहावं लागत नाही, रोजच्या गोळ्या चुकवाव्या लागत नाहीत, आणि अर्ध्या तासात हृदयाचे कप्पे, भिंती आणि चारही झडपा प्रत्यक्ष हलताना दिसतात. मात्र तिचा दर्जा यंत्राच्या किमतीपेक्षा प्रोब (छातीवर टेकवायचा यंत्राचा दांडा) धरणाऱ्या हातावर आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर ठरतो. ईएफ २५ टक्के असलेलं हृदय पडद्यावर चटकन ओळखू येतं, ६५ टक्क्यांचंही. ४५ आणि ५२ यांतला फरक मात्र नीट मोजल्याशिवाय कळत नाही. नेमक्या याच पट्ट्यात घाईची तपासणी पेशंटला विनाकारण घाबरवते, किंवा विनाकारण निश्चिंत करते.

आकडा काय सांगतो

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा (रिपोर्टवर ‘एलव्ही’) पूर्ण भरला तेव्हा त्यात किती रक्त होतं आणि एका ठोक्यात त्यातलं किती बाहेर गेलं, याची ही टक्केवारी. समजा कप्पा भरला तेव्हा त्यात १२० मिली रक्त होतं आणि आकुंचनानंतर ६६ मिली उरलं. बाहेर गेलं ५४ मिली. १२० पैकी ५४ म्हणजे ४५ टक्के.

निरोगी हृदयसुद्धा हा कप्पा कधी पूर्ण रिकामा करत नाही. अमेरिकन आणि युरोपीय इको संघटनांनी २०१५ साली एकत्र काढलेल्या मापदंडांनुसार पुरुषांत ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ईएफ नॉर्मल धरतात. त्यामुळे ‘पंपिंग ४५ म्हणजे ५५ टक्के हृदय निकामी झालं’ हा अर्थ साफ चुकीचा आहे. ४५ ची तुलना शंभराशी करायची नसते, साठच्या आसपासच्या आकड्याशी करायची असते.

त्याच मापदंडांत पुरुषांसाठी ४१ ते ५१ आणि स्त्रियांसाठी ४१ ते ५३ हा ‘सौम्य घट’ असा पट्टा आहे. ३० ते ४० मध्यम आणि ३० च्या खाली तीव्र. हार्ट फेल्युअरची वर्गवारी थोडी वेगळी चालते: ४० किंवा कमी, ४१ ते ४९, आणि ५० किंवा जास्त. मधल्या गटाला युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ साली प्रथम स्वतंत्र नाव दिलं आणि २०२१ पासून त्याला ‘माइल्डली रिड्यूस्ड’ म्हणू लागले. या दोन मोजपट्ट्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून ईएफ ५० असलेल्या बाईंना एका ठिकाणी ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘माइल्ड डिसफंक्शन’ असा शेरा मिळू शकतो, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. ईएफ ४५ म्हणजे आपोआप हार्ट फेल्युअर नव्हे. हार्ट फेल्युअर हे निदान लक्षणांवर आणि डॉक्टरांच्या तपासणीवर ठरतं: चालताना धाप, रात्री आडवं झाल्यावर श्वास अडकणं, पायांवर सूज, लवकर दमणं. यातलं काहीच नसेल तर हृदयाचं कार्य कमी आहे, पण हार्ट फेल्युअर नाही, अशी अवस्था असते आणि तिचे उपचारही वेगळे ठरतात. उलट ईएफ ६० असतानाही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण तिथे अडचण पिळण्यात नसून कप्पा सैल होऊन भरण्यात असते.

नुसती टक्केवारी पुरत नाही याचं कारण वरच्या गणितातच आहे. १२० मिलीच्या कप्प्यात ४५ टक्के म्हणजे ठोक्याला ५४ मिली. कप्पा फुगून १६० मिलीचा झाला असेल तर त्याच ४५ टक्क्यांत ७२ मिली बाहेर जातं. शरीराला त्या क्षणी पुरेसं रक्त मिळतं, पण फुगलेला कप्पा हा लांब पल्ल्याचा धोका असतो. दोघांच्या रिपोर्टवर आकडा तोच छापला जातो. म्हणून ज्या रिपोर्टमध्ये ईएफ आहे पण कप्प्याचं आकारमान नाही, तो मी अर्धवट समजतो.

तपासणीची खोली

चांगल्या केंद्रात काय घडतं ते माहीत असलेलं बरं. आधी उंची आणि वजन विचारतात, शक्यतो मोजतात, कारण कप्प्यांची मापं शरीराच्या आकारमानाशी ताडून पाहावी लागतात. रक्तदाब घेतात. छातीवर ईसीजीच्या तीन पट्ट्या लावतात. ठोका नेमका कुठे सुरू झाला हे त्याशिवाय पडद्यावर कळत नाही. मग डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. या स्थितीत हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं आणि बरगड्यांमधल्या फटी रुंदावतात. काही ठिकाणी पलंगाच्या गादीला डाव्या बाजूला खाच कापलेली असते, म्हणजे हृदयाच्या टोकाशी प्रोब नीट टेकवता येतो. ही खाच दिसली तर केंद्राने विचार केलेला आहे असं समजावं.

जेल लावून प्रोब छातीच्या हाडाच्या डावीकडे, मग डाव्या स्तनाखाली हृदयाच्या टोकाशी, मग बेंबीच्या वर आणि काही वेळा गळ्याच्या खाचेतही ठेवतात. मधूनमधून ‘श्वास सोडा आणि थांबा’ असं सांगतात. टोकाशी थोडं दाबलं जातं आणि बरगडीवर दुखतं, हे नेहमीचं आहे. सगळी दृश्यं, डॉपलर (रक्तप्रवाहाचा वेग) आणि मोजमापं नीट घ्यायची तर तीस ते चाळीस मिनिटं लागतात. पाठीवर झोपवून, ईसीजी न लावता, पाच मिनिटांत आटपलेला इको ‘पाणी साचलंय का, कप्पा फार फुगलाय का’ एवढं ढोबळ सांगतो. अत्यवस्थ पेशंटजवळ तेवढंच हवं असतं. पण अशा घाईत निघालेल्या ४५ टक्क्यांवर महिनोन्‌महिन्यांची औषधं ठरवू नयेत.

स्त्रियांसाठी एक व्यवहारी सूचना. वरचा कपडा पुढून उघडणारा असावा आणि अंगावर घ्यायला चादर किंवा गाऊन मागावा. सोबत स्त्री मदतनीस असावी ही मागणी अगदी रास्त आहे. संकोचामुळे प्रोब योग्य जागी टेकला नाही तर सर्वात महत्त्वाचं दृश्यच बिघडतं, आणि तिथूनच ईएफ मोजायचा असतो.

४५ हा आकडा येतो कुठून

या परीक्षणातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. रिपोर्टवरची टक्केवारी तीनपैकी एका वाटेने आलेली असते आणि ती वाट कोणती, हे बहुतेक रिपोर्ट सांगत नाहीत.

पहिली वाट नजरेची. अनुभवी डॉक्टर हलतं चित्र पाहून अंदाज बांधतात. हा अंदाज हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुरलेली नजर मोजमापाच्या बरीच जवळ जाते. पण ती पाचाच्या पायऱ्यांवर चालते: ४५, ५०, ५५. मागच्या वेळी ५० आणि या वेळी ४५ आलं, आणि दोन्ही नजरेचे आकडे असतील, तर पंपिंग घसरलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी वाट एम-मोडची. कप्प्याच्या आरपार एक रेषा टाकून भरलेल्या आणि आकुंचित अवस्थेतला व्यास मोजतात (रिपोर्टवर एलव्हीआयडी-डी आणि एलव्हीआयडी-एस) आणि टायकोल्झच्या १९७६ सालच्या सूत्राने यंत्र त्यातून घनफळ काढतं. सूत्र असं: व्यासाचा घन गुणिले ७, भागिले २.४ अधिक व्यास. आता त्यातली गोम पाहा. भरलेला व्यास ५.० सेंमी आणि आकुंचित व्यास ३.७ सेंमी असेल तर ईएफ येतो ५१ टक्के. आकुंचित व्यास ३.६ धरला तर ५४. ३.८ धरला तर ४८. म्हणजे पडद्यावर कर्सर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला की माणूस ‘नॉर्मल’मधून ‘माइल्ड डिसफंक्शन’मध्ये जातो. व्यासाचा घन होतो, तशी चूकही वाढते. शिवाय रेषा तिरकी पडली तर व्यास खोटाच मोठा दिसतो.

त्याहून मोठा दोष म्हणजे हे सूत्र संपूर्ण कप्पा सारखाच आकुंचन पावतो असं गृहीत धरतं. ज्याला आधी हार्ट अटॅक येऊन टोकाकडची भिंत ढिली पडली आहे त्याच्या बाबतीत रेषा मात्र चांगल्या चालणाऱ्या बुडाशी पडते, आणि आकडा फसवा, चांगला येतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा ईएफ एम-मोडने काढलेला असेल तर तो सरळ बाजूला ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता एक घोळ निस्तरतो. याच मोजमापाशेजारी ‘एफएस २६%’ असं छापलेलं असतं. ते व्यास किती टक्के कमी झाला याचं माप आहे (वरच्या उदाहरणात ५.० चा ३.७ झाला, म्हणून २६) आणि त्याची नॉर्मल मर्यादा साधारण २५ पासून सुरू होते. २६ हा आकडा पंपिंगचा समजून हवालदिल होण्याचं काही कारण नाही.

तिसरी आणि खरी मागून घ्यावी अशी वाट म्हणजे बायप्लेन सिम्पसन. हृदयाच्या टोकाकडून दोन दृश्यं घेतात: चार कप्प्यांचं आणि दोन कप्प्यांचं. प्रत्येकात भरलेल्या आणि आकुंचित क्षणी कप्प्याची आतली कड रेखतात. यंत्र कप्प्याच्या वीस चकत्या पाडून घनफळ काढतं. इथे भिंतीचा आकार वेडावाकडा असला तरी हिशेबात येतो. चुका इथेही होतात, पण त्या ओळखता येतात. सर्वात नेहमीची चूक म्हणजे टोक कापलं जाणं. प्रोब एक बरगडी वर ठेवला की हृदयाचं खरं टोक दृश्यात येतच नाही. त्याऐवजी गोलसर, जाडसर, जोरात आत येणारं खोटं टोक दिसतं. कप्पा आखूड दिसतो, ईएफ बहुधा वाढीव येतो आणि टोकाशी असलेली ढिलाई लपते. ओळखायची खूण: दोन्ही दृश्यांतली कप्प्याची लांबी जवळपास सारखी हवी, फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर एक दृश्य चुकलेलं आहे. दुसरी चूक कड रेखताना होते. आतले स्नायूंचे खुंट आणि जाळीदार धागे कप्प्याच्या पोकळीत धरायचे असतात, भिंतीत नव्हे. ते भिंतीत धरले की कप्पा खोटाच लहान होतो.

लठ्ठपणा, फुप्फुसांचा जुनाट आजार किंवा छातीची विशिष्ट ठेवण यांमुळे काहींच्या भिंती स्पष्ट दिसतच नाहीत. सलग दोन किंवा अधिक भाग दिसत नसतील तर शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट देऊन इको करावा असा संकेत आहे. ही सोय सगळीकडे नसते. नसेल तर निदान ‘पुअर विंडो’, म्हणजे चित्र धूसर, असं रिपोर्टवर प्रामाणिकपणे लिहिलेलं असावं. धूसर चित्रावर बेधडक ‘४५%’ छापण्यापेक्षा तो शेरा जास्त मोलाचा आहे.

इतकं सगळं नीट केलं तरी एकाच माणसाच्या दोन इकोंत ईएफ पाच ते दहा अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो. दोन दुकानांतल्या दोन तराजूंसारखंच हे: वजन घटलं की तराजू बदलला, ते एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून पुढचा इको त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करावा आणि जुना रिपोर्ट समोर ठेवावा.

जास्तीचे पैसे कशासाठी द्यावेत

काही केंद्रं ‘स्ट्रेन’ किंवा जीएलएस देतात. भिंतीचे स्नायू लांबीच्या दिशेने किती टक्के आखडतात हे ते मोजतं. निरोगी हृदयात आकडा साधारण उणे १८ ते उणे २० किंवा त्यापलीकडे असतो. ईएफ अजून नॉर्मल असतानाच स्नायूंची ताकद घटू लागली असेल तर ते इथे आधी दिसतं. कॅन्सरवरची डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅबसारखी औषधं चालू असलेल्यांनी हे नक्की करून घ्यावं. पहिल्या आकड्याच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती खरी धरतात. ट्रास्टुझुमॅब चालू असताना दर तीन महिन्यांनी इको करायचा असतो. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे स्ट्रेनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, त्यामुळे यंत्र बदलू नये.

थ्री-डी इको चांगल्या चित्रावर टू-डीपेक्षा स्थिर आकडा देतो. चित्र धूसर असेल तर त्याचा उपयोग नाही. ईएफ ६० असलेल्या, तक्रार नसलेल्या माणसाने यांतल्या कशासाठीही जादा खर्च करावा असं मला वाटत नाही.

रिपोर्टमध्ये आधी काय पाहावं

बहुतेक जण थेट शेवटच्या ओळीकडे जातात. मी आधी ‘आरडब्ल्यूएमए’ हा शब्द शोधायला सांगेन. भिंतीचा ठरावीक भागच कमी हलतो का, याचं ते उत्तर आहे. ईएफ ४५ आणि त्यासोबत एका रक्तवाहिनीच्या हद्दीतली भिंत ढिली असेल तर संशय त्या वाहिनीतल्या ब्लॉकेजवर जातो. ईएफ तोच ४५, पण ‘ग्लोबल हायपोकायनेसिया’, म्हणजे सगळ्याच भिंती सारख्या मंद, असं असेल तर कारणांची यादी बदलते: वर्षानुवर्षांचा न आवरलेला रक्तदाब, दारू, विषाणूमुळे आलेली स्नायूंची सूज, थायरॉइड, केमोथेरपी, बाळंतपणाच्या सुमारास येणारा हृदयस्नायूंचा आजार, अनेक दिवस सतत जलद चाललेले ठोके, किंवा एकाच वेळी अनेक वाहिन्यांतले ब्लॉकेज. टक्केवारीपेक्षा ही एक ओळ पुढची दिशा जास्त ठरवते.

मग झडपा. मायट्रल झडप बरीच गळत असेल तर ईएफ फुगवून दिसतो, कारण कप्पा आपलं रक्त दोन वाटांनी बाहेर टाकतो: पुढे महाधमनीत आणि मागे फुप्फुसांच्या बाजूला. झडपेच्याच दोषामुळे तीव्र गळती असेल तर ईएफ ६० किंवा त्याखाली येणं हीच शस्त्रक्रियेचा विचार करण्याची खूण मानतात. अशा पेशंटला ‘५५ म्हणजे नॉर्मल’ असं सांगणं धोक्याचं आहे.

‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ ही ओळ साठी ओलांडलेल्या अनेकांच्या रिपोर्टवर असते. वयाबरोबर आणि रक्तदाबाने भिंत थोडी कडक होते, एवढाच त्याचा अर्थ. एकट्या या ओळीने घाबरू नये. त्यापेक्षा डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे का आणि ‘ई बाय ई-प्राइम’ (डॉपलरने काढलेलं एक गुणोत्तर) १४ च्या वर आहे का ते पाहावं. या दोन्ही गोष्टी आत दाब वाढल्याचं सुचवतात. उजव्या बाजूसाठी ‘टॅप्सी’ (उजव्या खालच्या कप्प्याच्या आकुंचनाचं माप) १७ मिमी किंवा जास्त असावा.

शेवटी तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि ठोक्यांची गती. रक्तदाब १९०/११० असताना काढलेला ईएफ कमी दिसू शकतो, कारण हृदय जड ओझ्याविरुद्ध पिळत असतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या आजारात, प्रत्येक ठोका वेगळा असतो. तिथे किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यायची असते. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवहनातला अडथळा) किंवा पेसमेकर असेल तर मधला पडदा उलटसुलट हलतो आणि नजरेचा अंदाज चुकतो. या नोंदी नसलेला ४५ हा आकडा अर्थ लावायला कठीण असतो.

साच्यात भरलेले रिपोर्ट हा या सेवेतला सर्वात खटकणारा भाग आहे. ‘सर्व झडपा नॉर्मल’ असं आधीच टाइप केलेलं असतं आणि खाली ‘मॉडरेट एमआर’ (मायट्रल झडपेची मध्यम गळती) असं लिहिलेलं सापडतं. वरची आणि खालची ओळ जुळत नसेल तर तिथेच काउंटरवर दुरुस्ती मागावी.

इको काय सांगत नाही

इको हृदयाच्या वाहिन्यांतले ब्लॉकेज दाखवत नाही. आरामात काढलेला इको पूर्ण नॉर्मल आणि वाहिनीत ८० टक्के अडथळा, हे एकत्र असू शकतं. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधला इको नॉर्मल आला म्हणून चढावर येणाऱ्या छातीतल्या दाबाकडे दुर्लक्ष करणं ही घातक चूक आहे.

म्हणून ईएफ ४१ ते ४९ आला की इको हा शेवट नसतो. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल या तपासण्या लागतातच. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी धापेचं कारण हृदय आहे का, हे ठरवायला फार उपयोगी आहे: ओपीडीतल्या पेशंटमध्ये १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. लठ्ठ माणसात हा आकडा कमी येतो आणि वाढत्या वयात, किडनीच्या आजारात, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये जास्त, हे ध्यानात ठेवावं. ब्लॉकेजचा संशय असेल तर सीटी अँजिओ किंवा नेहमीची अँजिओग्राफी.

आणि इको दोनदा करूनही आकडा किंवा कारण पटत नसेल तर कार्डियाक एमआरआय. ईएफ मोजण्यात त्याला आज प्रमाण मानतात, आणि गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट शिरेतून दिल्यावर भिंतीत व्रण कुठे आहे हे दिसतं: व्रण आतल्या थरापासून सुरू होत असेल तर ब्लॉकेजचा, भिंतीच्या मध्ये किंवा बाहेरच्या थरात असेल तर बहुधा सूज किंवा इतर आजाराचा. इकोपेक्षा कित्येक पट महाग, पाऊण-एक तास बंद नळीत पडून वारंवार श्वास रोखावा लागतो, मोठ्या शहरांबाहेर सोय विरळ. तिसऱ्यांदा नव्या ठिकाणी इको करण्यापेक्षा मात्र हा खर्च सार्थकी लागतो.

आकड्यावरून पुढे काय होतं

इथे थोडक्यात, कारण औषधं ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. ईएफ ४१ ते ४९ आणि हार्ट फेल्युअरची लक्षणं असतील तर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन, दिवसाला १० मिग्रॅ, यांचा आधार आता पक्का आहे. एम्परर-प्रिझर्व्ड (२०२१) आणि डिलिव्हर (२०२२) या दोन्ही मोठ्या चाचण्यांत ईएफ ४० च्या वर असलेलेच पेशंट होते, आणि युरोपीय सूचनांनी २०२३ साली या गटासाठी या औषधांची ठाम शिफारस केली. मधुमेह नसला तरी ही गोळी देतात. भारतात दोन्हींची जेनेरिक मिळतात. उलट्या-जुलाब सुरू झाले, मोठी शस्त्रक्रिया ठरली किंवा नवरात्राचे कडक उपास धरायचे असतील तर गोळी थांबवायची का, हे आधी विचारावं. उपाशीपोटी केटोॲसिडोसिसचा, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा, धोका असतो. लघवीच्या जागी खाज, बुरशी हा नेहमीचा त्रास आहे आणि तो लाजून लपवू नये.

लक्षणं नसतील तर भर कारणावर: रक्तदाब, साखर, दारू, ब्लॉकेज. काहींना एसीई गटातली औषधं आणि, दम्यासारखी अडचण नसेल तर, बीटा-ब्लॉकर मिळतात, विशेषतः अटॅकनंतर. शॉक देणारं आयसीडी यंत्र सर्वसाधारणपणे ईएफ ३५ किंवा खाली आणि तोही तीन महिने पूर्ण औषधोपचार करूनही तसाच राहिला, तर चर्चेला येतं. ४५ वर कोणी ते सुचवलं तर कारण विचारायलाच हवं.

घरी सांभाळायचं ते हे: सूज-धाप असलेल्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करावं, तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर फोन करावा. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट यांतलं मीठही धरायचं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनने शरीरात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो. या पेशंटनी ती टाळावीत.

ईएफ ४५ चा ५५ झाला म्हणून औषध स्वतःहून सोडू नये. डायलेटेड कार्डिओमायोपथीतून (हृदयाचा कप्पा फुगून कमजोर होण्याच्या आजारातून) पूर्ण सावरलेल्या पेशंटची औषधं काळजीपूर्वक बंद करून पाहणाऱ्या ट्रेड-एचएफ या ब्रिटिश चाचणीत ४४ टक्के जणांचा आजार सहा महिन्यांतच परतला होता.

खर्च, बुकिंग आणि फेरतपासणी

महाराष्ट्रातल्या शहरांत खासगी केंद्रात साधा टू-डी इको साधारण दीड ते तीन हजारांच्या घरात होतो; सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत खूपच कमी, पण तारीख पुढची मिळते. बुकिंग करताना तीन गोष्टी विचाराव्यात: ईएफ सिम्पसनने काढून रिपोर्टवर तसं लिहाल का, हलती चित्रं सीडी किंवा पेनड्राइव्हवर द्याल का, आणि रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर चित्रं स्वतः पाहतात का. तपासणी प्रशिक्षित टेक्निशियनने केली तरी काही बिघडत नाही; ती चित्रं कोणी जाणत्याने पाहिलीच नाहीत तर बिघडतं. कागदावर छापलेल्या चार स्थिरचित्रांवरून दुसऱ्या डॉक्टरांना भिंतीची हालचाल कळत नाही. हलती चित्रं मिळाली तर दुसरं मत नवा इको न करता घेता येतं. जे केंद्र ती देत नाही, तिथे ४० ते ५० च्या पट्ट्यातल्या पेशंटने जाऊ नये.

फेरतपासणीची घाई करू नये. अटॅकनंतर सुन्न पडलेले स्नायू सावरायला आठवडे लागतात, म्हणून पुन्हा इको साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. नवी औषधं सुरू केली असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. जलद ठोक्यांमुळे पंपिंग घटलं असेल तर गती ताब्यात आल्यावर काही महिन्यांनी. यात ईएफ पूर्ववत होण्याची आशा चांगली असते. सगळं स्थिर असेल तर एक-दोन वर्षांनी, किंवा लक्षणं बदलली की लगेच. दर महिन्याला इको करून ४४, ४७, ४५ असे आकडे वहीत उतरवण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात, आणि त्या आकड्यांतला फरक मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठा नसतो.